पान कोणी बदलले? संकेतस्थळांच्या पहाऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या वाचनालयाचे छोटेसे संकेतस्थळ आहे. पावसाळ्यात त्याच्या 'सूचना' पानाच्या तळाशी कोणीतरी जुगाराच्या संकेतस्थळांचे दुवे घातले. आम्हाला ते तीन आठवड्यांनी, तेही पुण्याला स्थायिक झालेल्या एका जुन्या सभासदाने फोन केल्यावर कळले. दरमहा पैसे भरून पहारा देणारी सेवा आम्हाला परवडणारी नाही. हे काम एखाद्या साध्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्याशा प्रोग्रामने, होईल का? आमच्या कार्यकारिणीत प्रोग्रामिंग येणारा एकच तरुण आहे.
— एका वाचनालयाचे कार्यवाह, खानापूर तालुका

उत्तर: होईल, आणि त्या तरुणाचा एखादा रविवार त्यासाठी पुरे होईल. ठराविक वेळाने पान उतरवून घ्यायचे, त्याचा 'हॅश' काढायचा, आधी जपून ठेवलेल्या हॅशशी तो ताडून पाहायचा आणि फरक आढळला तर आपल्याला कळवायचे, एवढेच त्या स्क्रिप्टचे काम आहे. हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा समजा. मजकूर दोन ओळींचा असो वा दोनशे पानांचा, शा-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा नेहमी ६४ अक्षरांचाच येतो, आणि मूळ मजकुरात एक स्वल्पविराम जरी हलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. पायथन भाषेत पान उतरवण्यासाठी 'यूआरएललिब' आणि ठसा काढण्यासाठी 'हॅशलिब' ही साधने मुळातच दिलेली असल्याने वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. स्क्रिप्ट ठराविक वेळी चालवण्याचे काम लिनक्सवर 'क्रॉन' करते, विंडोजवर 'टास्क शेड्यूलर' करतो. दर अर्ध्या तासाने तपासणी ठेवली तर दिवसाला ४८ फेऱ्या होतात, आणि पान १०० किलोबाइटचे असेल तर महिन्याला सुमारे १४४ मेगाबाइट डेटा लागतो. वाचनालयाच्या जोडणीला हा भार जाणवणारही नाही.

इथपर्यंतचा भाग सोपा आहे. आपल्या तरुण कार्यकर्त्याने डोके घालावे ते पुढच्या चार-पाच गोष्टींत.

पहिली गोष्ट म्हणजे नेमके काय राखायचे हे ठरवणे. तुमच्या पत्रात देणगीच्या पानाचा ओझरता उल्लेख आहे आणि त्यावर क्यूआर संकेत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. मला जुगाराच्या दुव्यांपेक्षा त्या चौकोनाची जास्त काळजी वाटते. पानाच्या मूळ मजकुरात चित्र नसते, फक्त चित्राच्या फाइलचे नाव असते. उद्या एखाद्याने त्याच नावाची, पण स्वतःच्या खात्याचा क्यूआर असलेली फाइल तुमच्या सर्व्हरवर चढवली, तर पानातील एकही अक्षर हलत नाही, ठसा तसाच राहतो, स्क्रिप्ट 'बदल नाही' असे प्रामाणिकपणे सांगते, आणि दात्यांचे पैसे परक्याच्या खात्यात जात राहतात. डोळ्यांनाही कळत नाही, कारण काळे-पांढरे ठिपके सगळे सारखेच दिसतात. म्हणून क्यूआरच्या चित्राचा ठसा वेगळा काढावा, तसेच पान ज्या जावास्क्रिप्ट फाइली मागवते त्यांचाही वेगळा काढावा, कारण वाचकाला भलत्याच ठिकाणी पळवून नेणारी ओळ बहुधा तिथेच दडवलेली असते. संकेतस्थळाच्या साइटमॅपचाही, म्हणजे सर्व पानांच्या पत्त्यांच्या यादीचाही, ठसा ठेवावा. घुसखोर पुष्कळदा जुन्या पानांना हात न लावता नवी शेकडो पाने निर्माण करतो, आणि जुन्या पानांवर कितीही डोळे लावून बसलो तरी ती दिसत नाहीत. साइटमॅप आपोआप तयार होत असेल तर ती पाने तिथे अनेकदा उघडी पडतात. महिन्यातून एकदा गूगलवर 'साइट' हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्यापुढे आपला पत्ता, असे इंग्रजी अक्षरांत लिहून शोधले तर आपल्या नावावर काय काय नोंदले गेले आहे तेही दिसते.

दुसरी गोष्ट पहिल्या ठशाची. तो घेण्याआधी पान माणसाने वाचलेले असले पाहिजे, आणि ब्राउझरमध्ये दिसते तेवढे वाचून भागत नाही. कंट्रोल आणि यू ही कळ दाबून मूळ मजकूर उघडावा आणि त्यात अनोळखी पत्ते शोधावेत. दुवे पडद्याबाहेर हजारो बिंदू डावीकडे ढकलून ठेवण्याची युक्ती जुनी आहे, त्यामुळे पान दिसायला स्वच्छ असूनही आत घाण असू शकते. अशा पानाचा ठसा घेतलात तर चोरालाच घरचा माणूस म्हणून नोंदवल्यासारखे होईल.

तिसरी गोष्ट ठसे कुठे ठेवायचे ही. ज्या सर्व्हरवर संकेतस्थळ आहे त्याच सर्व्हरवर स्क्रिप्ट आणि ठसे ठेवलेत तर आत शिरलेला माणूस दोन्ही बदलून मोकळा होईल. वाचनालयातील जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखे छोटे यंत्र या कामाला उत्तम. मात्र वाचनालय संध्याकाळी बंद होताना संगणकही बंद होत असेल तर रात्रभर पहारा नाही, हे ध्यानात ठेवा. चुकलेली फेरी संगणक सुरू होताच पूर्ण करण्याचा पर्याय टास्क शेड्यूलरमध्ये असतो, तो निवडून ठेवावा.

खानापूरच्या पावसात वीज आणि जोडणी दोन्हींचा भरवसा नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जोडणी मध्येच तुटली की अर्धेच पान येते, त्याचा ठसा वेगळा निघतो आणि मध्यरात्री खोटी हाकाटी होते. म्हणून सर्व्हरने २०० हा 'सर्व ठीक' असा संकेत दिला आहे का, आणि पानाच्या शेवटी येणारी ठराविक ओळ खरोखर आली आहे का, हे आधी तपासावे. तसे नसेल तर पाच-पाच मिनिटांनी आणखी दोनदा प्रयत्न करावा, आणि तरीही जमले नाही तर 'पान बदलले' असे न म्हणता 'पान मिळाले नाही' असे कळवावे. ही दोन वाक्ये वेगळी ठेवण्याचा आळस मी एकदा केला होता. एका संस्थेसाठी लिहिलेली माझी स्क्रिप्ट चार दिवस बिनतक्रार 'बदल नाही' म्हणत राहिली. यंत्रातील जागा संपल्याने उतरवलेली फाइल रिकामी राहत होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी मूळ ठसाही नव्याने घेतला असल्याने तोही रिकाम्याच फाइलचा होता. रिकामे रिकाम्याशी जुळत होते. तेव्हापासून शून्य मजकुराचा शा-२५६ ठसा 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो, हे माझ्या तोंडपाठ झाले आहे. तुमच्या नोंदीत ही अक्षरे दिसली तर पान सुरक्षित नाही, ते आलेलेच नाही असे समजा.

याच कारणाने स्क्रिप्टने रोज सकाळी एकदा 'मी चालू आहे, काल ४८ फेऱ्या झाल्या' असा संदेश पाठवावा. पहारेकरी तासातासाला टोल देतो तो आपण जागे आहोत हे मालकाला कळावे म्हणून. टोल ऐकू आला नाही की मालकाने उठून पाहायचे असते.

आणि शेवटचे: फरक आढळल्यावर नवा ठसा आपोआप जुन्याच्या जागी लिहिण्याची सोय ठेवू नका. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या पुष्कळ स्क्रिप्टांत ती असते. तिच्यामुळे बदलाची सूचना एकदाच येते, आणि तुम्ही त्या दिवशी कुणाच्या लग्नात असाल तर पुढच्या फेरीपासून दूषित पानच अधिकृत ठरते. नवा ठसा माणसाने पाहून मान्य करावा, आणि संकेतस्थळात बदल करणाऱ्या प्रत्येकाने तारीख, वेळ व कारण साध्या नोंदवहीत लिहावे. पुस्तक देवघेवीची वही सांभाळणाऱ्यांना हे शिकवावे लागणार नाही.

प्रश्न: आमच्या सौहार्द पतसंस्थेच्या संकेतस्थळावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही पाने आहेत. अशी स्क्रिप्ट आम्ही वर्षभरापूर्वीच बसवली, पण ती रोज वीस-पंचवीस इशारे देते. सुरुवातीला आम्ही प्रत्येक इशारा पाहत होतो, आता कोणीच पाहत नाही. काय चुकते आहे?
— संगणक विभाग, एक पतसंस्था, निपाणी

उत्तर: लांडगा आला रे आला, अशी तुमची गत झाली आहे आणि दोष तुमच्याकडे नाही. हल्लीची पाने दर भेटीला नव्याने शिजवून वाढली जातात. भेट देणाऱ्यांचा आकडा, आजची तारीख, फिरती जाहिरात आणि अर्जाच्या चौकटीत लपवलेला, प्रत्येक वेळी नवा तयार होणारा सुरक्षा-संकेत, यांपैकी एकही गोष्ट पानात असली तरी संपूर्ण पानाचा ठसा दर खेपेला वेगळाच येणार.

उपाय असा, की संपूर्ण पानाचा ठसा न घेता जे स्थिर असायला हवे तेवढे वेगळे काढून त्याचा घ्यावा. पतसंस्थेच्या बाबतीत ठेवींच्या व्याजदरांचा तक्ता, शाखांचे दूरध्वनी क्रमांक, बँक खात्याचा तपशील आणि पानातील सर्व दुव्यांची यादी, असे चार तुकडे पुरेसे आहेत. शेवटचा तुकडा सर्वांत उपयोगी, कारण परका दुवा कुठेही घातला तरी यादीत एक नाव वाढतेच. प्रत्येक तुकड्याचा ठसा वेगळा ठेवलात तर इशाराच सांगेल की फोन क्रमांक बदलला आहे की दुवा वाढला आहे. ठशाबरोबर तुकड्याची प्रतही जपावी, कारण ठसा बदल झाला एवढेच सांगतो, काय बदलले ते सांगत नाही. ते सांगण्यासाठी १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकलरॉय यांनी लिहिलेला 'डिफ' हा प्रोग्राम आजही घराघरांत आहे. गेलेली ओळ आणि आलेली ओळ तो शेजारी मांडून दाखवतो.

तुमच्या मराठी पानाची मात्र एक वेगळी मौज आहे. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात जुन्या आणि नव्या ओळीत मला डोळ्यांनी काहीच फरक दिसेना. दोन्हीकडे 'शेतकऱ्यांसाठी कर्ज योजना' असेच होते. मग एकेक अक्षर सोलून पाहिले तेव्हा फरक 'ऱ' मध्ये सापडला. मराठीतील हा ऱ संगणकात एका अखंड चिन्हाने लिहिता येतो, तसाच साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे पहिल्या रीतीने तीन बाइट आणि दुसऱ्या रीतीने सहा. पडद्यावर दोन्ही 'ऱ'च दिसतात, ठसा मात्र बाइटांचा निघत असल्याने तो वेगळा येतो. तुमच्याकडे दोन कर्मचारी दोन वेगळ्या कळफलकांवरून मजकूर भरत असावेत. ठसा काढण्याआधी मजकूर युनिकोडच्या 'एनएफसी' या प्रमाण रूपात आणला की या दोन रीती एक होतात. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' या साधनातील एका ओळीचे ते काम आहे. तिसरी एक रीत उरते, ती र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांची. 'एनएफसी'ने ती सुधारत नाही, तिची अदलाबदल स्क्रिप्टमध्ये हाताने लिहावी लागेल. जादा मोकळ्या जागा आणि ओळींचे शेवटही एकसारखे करून घ्यावेत. आकड्यांच्या बाबतीत मात्र असा समजूतदारपणा दाखवू नका. खाते क्रमांकात ७ च्या जागी १ आला तर आरडाओरडा झालाच पाहिजे.

प्रश्न: स्क्रिप्टमध्ये एमडी-५ वापरले तर चालेल का? वर्गात ते तुटले आहे असे शिकवले, पण नेमके काय तुटले ते सांगितले नाही. घुसखोर पान बदलूनही ठसा तोच ठेवू शकेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव

उत्तर: रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी रचलेली एमडी-५ ही ठसा काढण्याची पद्धत १९९२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये शाओयुन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच ठसा असलेले दोन वेगवेगळे मजकूर तयार करून दाखवले. शा-१ या दुसऱ्या पद्धतीची तीच अवस्था २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने केली. दोन्ही वेळा दोन्ही मजकूर संशोधकांनी स्वतःच घडवले होते, हे लक्षात घ्या. तुमचे पान आधीच ठरलेले आहे, आणि त्याच ठशाचे दुसरे पान शोधणे हे वेगळे व कितीतरी अवघड गणित आहे. ते एमडी-५ साठीही आजवर कोणी व्यवहारात करून दाखवलेले नाही. तरीही शा-२५६ वापरावे, कारण स्क्रिप्टमध्ये फक्त एक नाव बदलायचे आहे आणि पुढे कोणाशी वाद घालावा लागत नाही. ठसे ताडून बदल पकडण्याची ही कल्पना अधिक खोलात पाहायची असेल तर 'ट्रिपवायर' या प्रोग्रामचा अभ्यास करा. पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि जीन स्पॅफर्ड यांनी ते १९९२ मध्ये तयार केले. ते सर्व्हरच्या आतून फाइलींवर लक्ष ठेवते, तर आपली स्क्रिप्ट वाचकाच्या बाजूने, बाहेरून पाहते.

प्रश्न: आमच्या शाळेचे पान आम्ही उघडतो तेव्हा अगदी ठीक दिसते आणि स्क्रिप्टही बदल नाही म्हणते. पण पालकांनी मोबाइलवर गूगलमध्ये शाळेचे नाव शोधून त्या दुव्यावर बोट ठेवले की औषधविक्रीचे परदेशी पान उघडते. हे कसे शक्य आहे?
— एक शिक्षिका, चिकोडी

उत्तर: बाई, पालक खरे सांगत आहेत आणि तुमची स्क्रिप्टही खोटे बोलत नाही. ब्राउझर पान मागताना आपण कोण आहोत आणि कुठून आलो आहोत, ही दोन्ही माहिती सर्व्हरला देतो. पहिलीला 'यूजर एजंट' म्हणतात, दुसरीला 'रेफरर'. या दुसऱ्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग मूळ नियमावलीतच एक अक्षर गाळून चुकीचे लिहिले गेले आणि जगभर तसेच रूढ झाले. तुमच्या मुलांच्या वहीत लाल रेघ पडली असती. असो. घुसखोराने सर्व्हरवर अशी ओळ घातली आहे, की पाहुणा मोबाइलवरून आणि गूगलमार्गे आला तरच त्याला पळवावे, एरवी खरे पान दाखवावे. शाळेत सगळे थेट पत्ता लिहून संगणकावर पान उघडतात, म्हणून शाळेला ते कधीच दिसत नाही. तुमची स्क्रिप्टही तशीच दारावरून सरळ आत जाते.

तिने प्रत्येक फेरीत तीन वेषांत जावे: एकदा साध्या संगणकाचा ब्राउझर म्हणून, एकदा गूगलवरून आलेला मोबाइल म्हणून आणि एकदा गूगलचा पाने गोळा करणारा रोबो म्हणून. 'यूजर एजंट' आणि 'रेफरर' ही दोन्ही मूल्ये पायथनमध्ये हवी तशी लिहिता येतात. सर्व्हरने पान न देता ३०१ किंवा ३०२ हा 'दुसरीकडे जा' असा संकेत दिला, तर मुकाट्याने मागे न जाता कुठे जायला सांगितले तो पत्ता नोंदवावा. मोबाइलसाठी पानाची मांडणीच वेगळी असेल तर तिन्ही वेषांचे ठसे वेगळे ठेवावेत, पण दुव्यांच्या यादीत तिघांत फरक असू नये. काही घुसखोर गूगलच्या खऱ्या रोबोचा नेटवर्क-पत्ता तपासतात, त्यांना हे सोंग ओळखू येते. त्यासाठी गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये शाळेची मालकी नोंदवून तिथून पान तपासावे. ही सोय विनामूल्य आहे. सध्यासाठी सर्व्हरवरील 'एचटीॲक्सेस' नावाची फाइल आधी पाहा, अशी ओळ बऱ्याचदा तिथेच सापडते.

प्रश्न: इशारा आला आणि बदल खरोखर परक्याने केलेला निघाला, तर पहिल्या तासात काय करावे? आमच्या संस्थेत असा प्रसंग आला तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने काहीतरी पुसले आणि शेवटी पोलिसांना दाखवायला काहीच उरले नाही.
— एका सहकारी संस्थेचे व्यवस्थापक, बेळगाव

उत्तर: पुसण्याआधी साठवायचे. स्क्रिप्टने उतरवलेले बदललेले पान, जुनी प्रत, दोन्हींचे ठसे आणि फेरीची वेळ, हे सर्व दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा. त्यानंतर लगेच होस्टिंग कंपनीकडून सर्व्हरच्या भेटींच्या नोंदी मागवा. स्वस्त होस्टिंगमध्ये त्या थोडेच दिवस टिकतात, त्यामुळे हे काम सोमवारवर ढकलू नये. त्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. म्हणजे नोंदीतील १८:४० ही वेळ आपल्याकडे रात्रीचे १२ वाजून १० मिनिटे होते, आणि तारीखही पुढची लागते. तक्रारीत वेळ देताना ती कोणती हे स्पष्ट लिहा.

पैशांशी संबंधित काही बदलले असेल, म्हणजे खाते क्रमांक किंवा क्यूआर, तर पान ताबडतोब बंद करून तिथे साधी सूचना लावावी आणि कोणाचे पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच कळवण्यास सांगावे. लेखी तक्रार कर्नाटकात जिल्ह्याच्या सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक व अमली पदार्थविषयक गुन्ह्यांच्या पोलीस ठाण्यात देता येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'सर्ट-इन' या संगणक सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात, आणि संकेतस्थळात अनधिकृत बदल करणे किंवा परके दुवे घालणे यांचा त्या यादीत उल्लेख आहे. हे निर्देश कंपन्या व संस्थांना उद्देशून आहेत, त्यामुळे तुमच्या लेखापरीक्षकांच्या कानावरही हे घालून ठेवा.

पासवर्ड बदलताना संकेतस्थळाचा, होस्टिंगचा, डेटाबेसचा आणि ज्या ईमेलवर हे सर्व पासवर्ड नव्याने मागवता येतात त्या ईमेलचा, असे चारही बदलावेत, आणि ते संस्थेतील नेहमीच्या संगणकावरून न बदलता खात्रीच्या वेगळ्या यंत्रावरून बदलावेत. नुसते घातलेले दुवे काढून टाकले तर घुसखोराने ठेवलेला मागचा दरवाजा तसाच राहतो. म्हणून संकेतस्थळ जुन्या स्वच्छ प्रतीवरून पुन्हा उभे करावे. ती प्रत किती जुनी घ्यायची, याचे उत्तर स्क्रिप्टच्या नोंदीत मिळते: ठसा ज्या फेरीत पहिल्यांदा बदलला, त्याच्या बऱ्याच आधीची घ्या, कारण दरवाजा बहुधा आधी उघडलेला असतो आणि पान नंतर बदलते.

पुढील अंकासाठी प्रश्न पाठवणाऱ्यांनी स्क्रिप्टमधील पासवर्ड खोडून मगच ती आमच्याकडे पाठवावी. या वेळच्या पाचांपैकी दोन पत्रांत ते तसेच होते. त्या दोघांना आम्ही वेगळे कळवले आहे.